आधी बियाणं, मग पीक

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये मेंदूचं अक्षरशः सूप करून, त्यातली केंद्रकं मोजून हा आकडा काढला. त्याआधी सगळीकडे छापला जाणारा 10,000 कोटींचा आकडा कुणी नीट मोजलेला नव्हता, एकाचं वाचून दुसरा लिहीत होता. या 8,600 कोटींतल्या जवळजवळ 6,900 कोटी डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात, दाटीवाटीने बसलेल्या असतात. आपलं बोलणं, ठरवणं, ओळखणं जिथे चालतं त्या वरच्या सुरकुतलेल्या सालीच्या, म्हणजे कॉर्टेक्सच्या वाट्याला सुमारे 1,600 कोटी येतात. पुढचं सगळं या 1,600 कोटींबद्दल आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक पेशी दुप्पट करत चला. 10 वेळा दुप्पट केली की 1,024 होतात. 20 वेळा केली की साडेदहा लाख, 30 वेळा केली की 107 कोटी. आणि 34 व्या दुपटीला 1,718 कोटी. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट तांदूळ मागणाऱ्याची गोष्ट आठवत असेल तर पस्तिसाव्या घरातच कॉर्टेक्स भरून जातो. जवळजवळ अर्धा पट तर रिकामाच राहतो.

हाच हिशेब उंदराला लावून पाहा. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये साधारण 1 कोटी 40 लाख चेतापेशी असतात. माणसाच्या त्याच्या अकराशे पट, म्हणजे फक्त दहा दुपटींचं अंतर. चिंपांझीच्या कॉर्टेक्समध्ये आपल्या निम्म्याहून कमी पेशी आहेत. म्हणजे चिंपांझी आणि आपल्यात अंतर किती, तर एक दुप्पट आणि वर थोडं.

मेंदू प्रत्यक्षात असा सरळ दुपटीने वाढत नाही, हे लगेच सांगून टाकतो. पण या हिशेबातून एक गोष्ट नक्की कळते. भरपूर पेशी बनवणं हे अवघड काम नाहीच. अवघड आहे ते दुप्पट होणं कधी थांबवायचं हे ठरवणं. एक फेरी आधी थांबलं तर मेंदू अर्धा, एक फेरी उशिरा थांबलं तर दुप्पट.

पुस्तकातली गंमत

दहावीच्या विज्ञानात आपण सूत्री विभाजन शिकतो. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, आणि शेवटी एका जनकपेशीपासून दोन सारख्या जन्यपेशी. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड पाहताना हेच डोक्यात पक्कं बसतं. दोन्ही लेकी सारख्या. माझ्याही डोक्यात ते बरीच वर्षं तसंच होतं.

मेंदूच्या मूलपेशींची सगळी करामत मात्र या 'सारख्या'ला फाटा देण्यात आहे. डीएनए दोघींना सारखाच मिळतो, पण नशीब वेगळं मिळू शकतं. मूलपेशी, म्हणजे जिच्यापासून पुढच्या पेशी जन्मतात ती, फुटली म्हणजे विभागली, की तीन गोष्टी होऊ शकतात. दोन्ही लेकी आईसारख्याच मूलपेशी होतील. किंवा एक मूलपेशी राहील आणि दुसरी वेगळ्या वाटेने जाईल, चेतापेशी होईल. किंवा दोन्ही चेतापेशी होतील आणि ती शाखा तिथेच संपेल. कारण चेतापेशी एकदा झाली की ती पुन्हा फुटत नाही. माघार नाही.

ज्याने शेती पाहिली आहे त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. नवं वाण मूठभरच हाती लागलं तर शेतकरी पहिले हंगाम त्यातला दाणाही तोंडात टाकत नाही. सगळं पुन्हा पेरतो. बियाणं पुरेसं झालं की मग अर्धं ठेवायचं, अर्धं घरी न्यायचं. आणि ज्या वर्षी बियाणंही दळून खाल्लं त्या वर्षी तो खेळ संपला. पहिले हंगाम एकदोनने कमी पडले तर नुकसान त्या वर्षाचं होत नाही, पुढच्या प्रत्येक वर्षाचं होतं. मेंदूतही नेमकं तसंच आहे.

फरक इतकाच की इथे शेतकरी कुणी नाही. दाण्यानेच ठरवायचं असतं, आपण बियाणं व्हायचं की पीक.

नळीच्या आतली गर्दी

गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवरचा पेशींचा एक पट्टा मधोमध खचतो, त्याच्या कडा वर येतात, एकमेकींना भिडतात आणि नळी तयार होते. ही चेतानलिका. साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी ती दोन्ही टोकांना बंद झालेली असते. बंद नाही झाली तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत गंभीर व्यंग राहतं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्या असं डॉक्टर का सांगतात, ते इथे कळतं. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. अनेकींची तोवर टेस्टही झालेली नसते आणि नळी बंद होऊन गेलेली असते. (डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे फाइलवरचा आकडा दोनने जास्त असतो. या लेखातले आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत.)

या नळीची भिंत सुरुवातीला पेशींच्या एकाच थराची असते. पेशी लांबट, काकडीसारख्या. एक टोक आतल्या पोकळीला टेकलेलं, दुसरं बाहेरच्या कडेला. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर भिंतीत अनेक थर असल्यासारखं वाटतं, कारण प्रत्येक पेशीचं केंद्रक वेगवेगळ्या उंचीवर असतं. आणि एक विचित्र गोष्ट दिसते. विभाजन होत असलेली झाडून सगळी केंद्रकं आतल्या कडेलाच, पोकळीला लागून असतात.

विल्हेल्म हिस या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाने 1889 मध्ये याचा अर्थ असा लावला की इथे दोन जातींच्या पेशी आहेत. आतल्या कडेच्या फुटणाऱ्या आणि बाकीच्या आधार देणाऱ्या. दिसायला अगदी पटणारं. पुढची पंचेचाळीस वर्षं हा अर्थ टिकला. 1935 मध्ये एफ. सी. सॉअर यांनी सांगितलं की दोन जाती वगैरे काही नाही, एकच पेशी वेगवेगळ्या वेळी आपल्याला वेगवेगळी दिसते आहे. केंद्रक पेशीच्या आत वरखाली फिरतं. बाहेरच्या बाजूला जाऊन डीएनएची नक्कल करतं, मग आतल्या कडेला येतं, तिथे पेशी फुटते, आणि दोन्ही नवी केंद्रकं पुन्हा बाहेरच्या बाजूला निघतात. 1959 मध्ये किरणोत्सारी खूण लावून हे सिद्ध झालं. खूण केलेली केंद्रकं आधी बाहेरच्या बाजूला दिसली, काही तासांनी आतल्या कडेला.

हे मुंबईच्या लोकलसारखं आहे. डबा खचाखच भरलेला, दाराशी जागा चौघांची. मग ज्याचं स्टेशन आलं त्याने दाराशी यायचं, बाकीच्यांनी आत सरकायचं. असं सतत सरकत राहिलं तरच एका दारातून इतकी माणसं उतरू शकतात.

पण फुटायला दारच का हवं? कारण प्रत्येक पेशीला आतल्या टोकाशी एक बारीक केस असतो, पोकळीतल्या पाण्यात डोकावणारा. त्या केसाचं मूळ म्हणजे तारककेंद्र, दहावीच्या आकृतीत पेशीच्या दोन टोकांना जाऊन दोरे ओढणारं तेच. ते दाराशी खिळलेलं असतं. विभाजनाचं सामान दाराशी, म्हणून केंद्रकाला तिथे यावं लागतं.

या पहिल्या आठवड्यांत सगळ्या वाटण्या सम असतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, सगळ्या मूलपेशी. पीक शून्य. भिंतीची लांबी-रुंदी वाढत जाते. पुढे कॉर्टेक्सचा पसारा किती असेल हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मेंदू म्हणावं असं अजून काही दिसतही नसतं.

परांची आणि विटा

सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास पेशींचा स्वभाव बदलतो. त्या आणखी बारीक आणि लांब होतात. एक पाय आतल्या पोकळीशी, दुसरा लांबलचक तंतू बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत. यांना रेडियल ग्लिया म्हणतात. आणि आता विषम वाटण्या सुरू होतात. एक लेक आईची गादी चालवते, दुसरी घर सोडते.

घर सोडणारीला प्रवास करायचा असतो, आतल्या कडेपासून वर पृष्ठभागाकडे. ती आईच्याच लांब तंतूला धरून चढत जाते. पास्को राकिच यांनी 1972 मध्ये माकडाच्या गर्भात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, तंतूला बिलगून चढणाऱ्या चेतापेशी दाखवल्या. तेव्हापासून रेडियल ग्लिया म्हणजे बांधकामाची परांची असंच सगळे शिकवू लागले. इमारत उभी राहीपर्यंत लागते, मग काढून टाकायची. विटा दुसरीकडून येतात, असं गृहीत होतं. 'ग्लिया' हे नावही त्याच समजुतीतून, म्हणजे चेतापेशी नव्हेत, नुसत्या आधाराच्या पेशी.

2000 आणि 2001 मध्ये हे सगळं उलटलं. संशोधकांनी विषाणूच्या मदतीने एकेका रेडियल ग्लियाला हिरवी चमक दिली आणि तिची वंशावळ पाहिली. चमकणाऱ्या तंतूवरून चढणाऱ्या चेतापेशीही त्याच हिरव्या रंगाच्या होत्या. विटा दुसरीकडून येत नव्हत्या. परांचीच विटा पाडत होती. विज्ञानाच्या इतिहासात इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून ओळखू न आलेली गोष्ट म्हणून मला ही फार आवडते. नाव मात्र चुकीच्या समजुतीचं ते तसंच राहिलं.

चढण्याला क्रम असतो. आधी जन्मलेल्या चेतापेशी खालच्या थरात थांबतात, नंतर जन्मलेल्या त्यांना ओलांडून वरच्या मजल्यावर जातात. धाकट्या नेहमी वर. कॉर्टेक्सचे सहा थर अशा रीतीने आतून बाहेर रचले जातात.

आता मूळ प्रश्न. दोन लेकींपैकी कोण थांबणार आणि कोण जाणार हे ठरतं कसं?

उत्तर एक नाही, आणि सगळं अजून सुटलेलंही नाही. पण काही धागे पक्के हाती आहेत. पहिला आहे कापाच्या कोनाचा. पेशी पोकळीच्या भिंतीला टेकते तो तुकडा तिच्या एकूण पृष्ठभागाच्या एकदोन टक्केच असतो. मूलपेशी राहायचं तर हा तुकडा हाती असणं महत्त्वाचं. विभाजनाचा काप बरोबर उभा, त्या इवल्याशा तुकड्याच्या मधोमध गेला तर दोघींना हिस्सा मिळतो. काप किंचित तिरका झाला की सगळा तुकडा एकीकडे. वरण-भातावरच्या तुपाच्या थेंबाचे दोन भाग करायचे तर चमचा किती नेमका पडायला हवा, तसं. म्हणून सुरुवातीच्या काळात ओढणारे दोरे अगदी काटकोनात धरून ठेवणारी प्रथिनं लागतात. पुढे रेडियल ग्लियाच्या काळात हा नियम एवढा कडक राहत नाही, उभा काप होऊनही वाटणी विषम होऊ शकते.

दुसरा धागा बहिणी-बहिणींमधला संवाद. यातल्या मुख्य प्रथिनाचं नाव नॉच. नाव फळमाशीवरून पडलंय. शंभरेक वर्षांपूर्वी टॉमस हंट मॉर्गन या जनुकशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पंखाला खाच पडलेल्या माश्या सापडल्या, त्या खाचेमागच्या जनुकाचं नाव नॉच, म्हणजे खाच. चेतापेशी होण्याच्या वाटेवर निघालेली पेशी आपल्या अंगावर डेल्टा नावाचं प्रथिन मांडते. ते शेजारणीच्या नॉचला भिडलं की शेजारणीच्या आत निरोप जातो, तू चेतापेशी होऊ नकोस, मूलपेशीच राहा. म्हणजे मूलपेशीला मूलपेशी ठेवण्याचं काम तिच्या स्वतःच्या लेकी करतात. नॉच काढून टाकला तर सगळ्याच एकदम चेतापेशी व्हायला धावतात आणि बियाणं संपतं. पीक लवकर येतं, पण थोडंच.

तिसरा धागा मला सगळ्यात चकित करणारा. विभाजनाआधी तारककेंद्राची नक्कल होते, त्यामुळे दोन्हींतलं एक जुनं असतं आणि एक नवं. 2009 मध्ये उंदराच्या मेंदूत दिसलं की जुनं सहसा मूलपेशीकडे राहतं आणि नवं घेऊन लेक चेतापेशी व्हायला निघते. एवढ्याशा पेशीला जुनं-नवं कळतं आणि त्याप्रमाणे वाटणीही होते.

डोक्याला लावलेली टेप

बाळ जन्मलं की वजन होतं, आणि मग एक कागदी किंवा कापडी टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवली जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर 33 ते 35 सेंटीमीटरच्या आसपास भरतो. कार्डावर आकडा लिहिला जातो, कुणी लक्ष देत नाही. त्या आकड्यात मूलपेशींनी सहासात महिन्यांपूर्वी केलेल्या वाटण्यांचा हिशेब असतो.

काही बाळांमध्ये हा घेर फारच कमी असतो. त्याची कारणं अनेक आहेत, पण एक दुर्मीळ आनुवंशिक प्रकार इथे नेमका लागू पडतो. यात मेंदू लहान असतो पण त्याची रचना बरीचशी नेहमीसारखी असते, जणू कमी पेशींत बांधलेली तीच इमारत. यामागची जी जनुकं सापडली त्यांतली बरीचशी तारककेंद्राशी किंवा विभाजनाच्या दोऱ्यांशी संबंधित निघाली. सगळ्यात जास्त आढळणारं एएसपीएम, 2002 मध्ये ओळखलं गेलेलं. दोष असलेली प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आली तरच हा आजार होतो, म्हणून रक्ताच्या नात्यातल्या लग्नांमध्ये त्याची शक्यता वाढते. मामेबहीण-आतेभाऊ लग्नं आपल्याकडे अजून होतात. अशा घरात आधी एखाद्या बाळाचं डोकं लहान असेल, तर पुढच्या वेळी आधीच जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. यात कुणाला दोष द्यायचं काही कारण नाही, अशी एखादी लपलेली प्रत आपल्या प्रत्येकात कुठली ना कुठली असते.

गंमत म्हणजे एएसपीएम उंदरात बंद केलं तर त्याचा मेंदू थोडासाच लहान होतो. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या, वळ्यांचा मेंदू असलेल्या प्राण्यात बंद केलं की बराच लहान होतो. उंदराकडे नसलेलं काहीतरी फेरेटकडे आणि आपल्याकडे आहे, त्याच्याकडे पुढे वळू.

दुसरं उदाहरण आपल्या दाराशी येऊन गेलंय. युगांडातल्या झिका जंगलात 1947 मध्ये सापडलेला विषाणू अनेक दशकं किरकोळ तापाचा म्हणून दुर्लक्षित होता. 2015 मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात लहान डोक्याची बाळं मोठ्या संख्येने जन्मू लागली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. हा विषाणू रेडियल ग्लियात शिरतो आणि त्यांना मारतो. म्हणजे बियाण्यालाच कीड. आईला अंगावर पुरळ आणि दोन दिवसांचा ताप यापलीकडे काही झालेलं नसतं, कधी तेवढंही नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात रुग्ण निघाले तेव्हा त्यांत गर्भवतीही होत्या. महापालिकेचे लोक घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करत होते. पसरवणारा डास डेंग्यूचाच, एडिस. अनेकांना प्रश्न पडला की एवढ्या साध्या तापासाठी गर्भवतींचीच एवढी काळजी का. उत्तर या वाटण्यांत आहे. पहिल्या तीन महिन्यांत मेलेली एक मूलपेशी म्हणजे पुढच्या तिच्या सगळ्या वंशाचं नुकसान.

वरचा माळा

उंदराचा कॉर्टेक्स गुळगुळीत असतो, आपला सुरकुतलेला. उंदराचं काम मुख्यतः पोकळीलगतच्या मूलपेशींवर चालतं. सहा दिवसांत साधारण अकरा फेऱ्या, संपलं. मॅकाक माकडात तेच साठ दिवस आणि किमान अठ्ठावीस फेऱ्या. पण नुसता वेळ वाढवून भागत नाही, कारण दाराशी जागा मर्यादित आहे. सगळ्यांनाच फुटायला पोकळीच्या कडेला यायचं असेल तर कधीतरी रांग तुंबणार.

यावर उपाय दोन. एक, मधले दलाल. रेडियल ग्लियाची लेक थेट चेतापेशी न होता थोडी वर सरकते आणि तिथे आणखी एकदोनदा फुटून मग चेतापेशी बनवते. एका वाटणीत एकाऐवजी दोनचार पेशी पदरात पडतात. हे उंदरातही होतं.

दुसरा उपाय आपल्यात खास वाढलेला. घरात जागा संपली की आपण माळा काढतो. 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या आणि ड्रेस्डेनमधल्या दोन गटांनी माणसाच्या गर्भाच्या ऊतीत, पोकळीपासून दूर वरच्या पट्ट्यात, रेडियल ग्लियासारख्याच पण पोकळीशी नातं तोडलेल्या मूलपेशी दाखवल्या. बाहेरच्या रेडियल ग्लिया. यांचा आतला पाय सुटलेला असतो, वरचा तंतू मात्र शाबूत. त्यामुळे दाराची अट संपली. जिथे आहेत तिथे फुटायचं.

यांचं फुटणं पाहण्यासारखं आहे. ऊतीचा पातळ काप तबकडीत जिवंत ठेवून तासन् तास चित्रीकरण केलं की दिसतं, पेशी आपल्या वरच्या तंतूला धरून शांत बसलेली असते. मग एकाएकी तिचं अंग त्या तंतूवरून झपकन वर सरकतं, जवळजवळ केसाच्या जाडीएवढं अंतर, आणि तिथे लगेच ती फुटते. उडी, मग विभाजन. पुढची फेरी आली की पुन्हा उडी. अशा उड्या मारत हा माळा वर वर पसरत जातो. उंदरात अशा पेशी फारच थोड्या. फेरेटात बऱ्याच, माणसात प्रचंड. एएसपीएमचं कोडं बहुधा इथेच सुटतं.

आणि हे होतं कधी? गर्भारपणाच्या मधल्या तीन महिन्यांत. अ‍ॅनोमली स्कॅनला सोनोग्राफीच्या पडद्यावर करड्या रंगात डोकं दिसतं, डॉक्टर त्याचा व्यास मोजतात, त्या क्षणी आत माळ्यावर उड्या चालू असतात. याच काळातल्या गर्भाच्या मेंदूचे 5,132 काप अतिशय बारकाईने टिपून आयआयटी मद्रासच्या केंद्राने 2024 मध्ये 'धरणी' या नावाने जगासमोर ठेवले. कुणालाही पाहता येतात, फुकट.

कॉर्टेक्समधल्या बहुतेक चेतापेशी सहाव्या महिन्यापर्यंत जन्मून जातात. बाळाला आवाज ऐकू यायला लागतो तेही त्याच सुमारास. गर्भसंस्काराच्या सीडीने मेंदूच्या पेशी वाढतात असं कुणी विकत असेल तर एवढं विचारावं, ऐकायला कान तयार झाले तेव्हा पेशींची पेरणी जवळपास उरकलेली होती, मग वाढलं काय? आईला बरं वाटत असेल तर खुशाल ऐकावी.

दोन दिवसांचा उशीर

आपला माळा एवढा मोठा का, याचे काही सुगावे जनुकांत मिळतात. एआरएचजीएपी11बी हे नाव तोंडात बसणारं नाही, पण गोष्ट ऐकण्यासारखी. सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी, आपली आणि चिंपांझीची वाट वेगळी झाल्यावर, एका जुन्या जनुकाची अर्धवट नक्कल झाली. तिच्यात एका अक्षराचा बदल होऊन नवंच प्रथिन तयार झालं. इतर कुठल्याही जिवंत प्राण्यात ते नाही. निअँडरथाल मानवांत होतं. 2020 मध्ये हे जनुक मार्मोसेट या छोट्या माकडाच्या गर्भात घातलं तेव्हा त्याचा कॉर्टेक्स मोठा झाला, वरच्या माळ्यावरच्या मूलपेशी वाढल्या आणि गुळगुळीत मेंदूवर वळ्या दिसू लागल्या. संशोधकांनी हे गर्भ जन्माला येऊ दिले नाहीत, आणि ते बरंच केलं असं मला वाटतं.

त्याहून बोलकं मला 2021 चं एक निरीक्षण वाटतं. 2013 मध्ये व्हिएन्नात मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी तबकडीत मूलपेशींपासून वाटाण्याएवढे मेंदूसदृश गोळे वाढवण्याची पद्धत बसवली. लँकेस्टर यांच्या गटाने पुढे माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांचे असे गोळे शेजारी शेजारी वाढवले. काकडीसारखी जाड पेशी बारीक लांब रेडियल ग्लिया कधी होते, म्हणजे नुसतं बियाणं वाढवण्याचा हंगाम कधी संपतो, हे पाहिलं. वानरांमध्ये या बदलाला सुमारे 5 दिवस लागले, माणसात सुमारे 7. तेवढा वेळ पेशी जास्त फुटत राहिल्या, आणि माणसाचे गोळे मोठे झाले. सुरुवातीला केलेला एका दुपटीचा हिशेब आठवा.

पेरणी संपली की रेडियल ग्लियाचंही काम बदलतं. चेतापेशी देणं थांबवून त्या आधाराच्या पेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट, बनवायला लागतात. हा खटका कधी पडावा, यावर मुंबईत टीआयएफआर या संशोधनसंस्थेत शुभा तोळे यांच्या गटाने उंदरांवर महत्त्वाचं काम केलंय. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात एलएचएक्स2 हे जनुक मूलपेशींना चेतापेशी बनवण्याच्या कामावर धरून ठेवतं. ते मधेच काढलं की त्या वेळेआधीच अ‍ॅस्ट्रोसाइट बनवू लागतात. शेवटी बऱ्याच रेडियल ग्लिया आपला आतला पाय सोडून स्वतःच अ‍ॅस्ट्रोसाइट होतात. परांची भिंतीत मुरून जाते.

हिप्पोकॅम्पसमध्ये मोठेपणीही नव्या चेतापेशी जन्मतात का, यावर 2018 मध्ये दोन गटांनी महिन्याभराच्या आत एकमेकांविरुद्ध निष्कर्ष छापले आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. कॉर्टेक्सबद्दल मात्र वाद नाही. 1950 आणि 60 च्या दशकांत हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-14, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, एकदम वाढला आणि मग हळूहळू उतरला. पेशी जन्मते त्या वर्षीचा कार्बन तिच्या डीएनएत कायमचा राहतो, त्यामुळे मृत्यूनंतर मेंदूतल्या पेशींचं वय काढता येतं. स्वीडनमध्ये 2006 मध्ये असं मोजलं तेव्हा कॉर्टेक्सच्या चेतापेशींत त्या माणसाच्या जन्माच्या वेळचाच कार्बन सापडला, नंतरचा नाही. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजी सकाळी उठून नातवाचं नाव बरोबर घेतात ते ज्या पेशींच्या जोरावर, त्या पेशी आजींपेक्षा निदान तीनचार महिन्यांनी मोठ्या असतात.